कट्यार घडवायची आहे: पाते, पाणी आणि मुठीची जोडणी

कानसवाला

नमस्कार मंडळी. एका संग्राहकांसाठी कट्यार करायची आहे. ती भिंतीवरच लागणार, पण बनावट खरी हवी अशी त्यांची अट आहे. पत्रा कापून चकाकी आणलेला नमुना त्यांना नको. पाणी दिलेले (तापवून तेलात बुडवून कडक केलेले) दुधारी पाते आणि नीट जोडलेली मूठ हवी.

आराखडा असा: पाते २०० मिमी लांब, बुडाशी ४६ मिमी रुंद, सरळ निमुळते होत जाणारे, दोन्ही बाजूंना मधोमध कणा, शेवटचे ४० मिमी टोक जाड. मुठीत जाणारी जीभ ५० मिमी. मूठ माइल्ड स्टीलची, दोन बाजूपट्ट्या आणि दोन आडव्या दांड्या अशी नेहमीची. मुठीवर थोडी कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेली चांदीच्या तारेची नक्षी.

साहित्य: एसयूपी९ या स्प्रिंगच्या पोलादाची ५० बाय ८ मिमी नवी पट्टी मिळते आहे, शिवाय ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटेही पडून आहेत. कंट्रोलर असलेली मफल भट्टी आहे, आतली लांबी ३५० मिमी. बेल्ट ग्राइंडर नाही. अँगल ग्राइंडर, बेंच ग्राइंडर आणि कानशी आहेत.

विचारायचे ते हे. कणा दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच रेषेत कसा आणायचा? दुधारी पाते तेलात वाकते ते नेमके कशामुळे? जीभ मुठीला वेल्ड करावी की रिबिटावर बसवावी? आणि कोफ्तगिरी कोणत्या टप्प्यावर करायची?

व्हर्नियर

आधी पट्टीचे. जुने पाटे या कामाला घेऊ नका. पाटा वर्षानुवर्षे दबून-उठून थकलेला असतो, त्यात केसासारख्या भेगा असतात. घासताना त्या दिसत नाहीत, पाणी दिल्यावर 'टिक' असा आवाज येतो तेव्हा कळतात. शिवाय पाट्यांत ईएन४५, एसयूपी९, ५०सीआरव्ही४ असे निरनिराळे पोलाद वापरतात आणि त्या सगळ्यांना एकच तापमान चालत नाही. ग्रेड माहीत नसताना पाणी देणे म्हणजे अंदाजपंचे काम. नवी पट्टी घ्या, टेस्ट सर्टिफिकेटसकट मागा.

नवी पट्टीही कारखान्यातून येते तशी कडक असू शकते. ड्रिल किंचाळले किंवा कानस नुसती घसरली तर ६८०–७०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवून भट्टीतच थंड होऊ द्या. मग सरफेस ग्राइंडर असलेल्या वर्कशॉपमधून दोन्ही तोंडे समांतर करून ७.५ मिमी जाडीला आणा. हे पैसे वाचवू नका. कणा तिरका जाण्याचे निम्मे कारण मूळ पट्टीच समांतर नसणे हे असते.

आता आखणी. मार्करची रेघ तेलाच्या एका बोटाने पुसली जाते. त्यापेक्षा मोरचूद पाण्यात विरघळवा, त्यात बॅटरीच्या अ‍ॅसिडचे दोन-चार थेंब टाका आणि घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर फडक्याने फिरवा. तांब्याचा लालसर पातळ थर बसतो. त्यावर आखणीसुईने ओढलेली रेघ पांढरी चमकते आणि काम संपेपर्यंत टिकते. हातमोजे घाला.

मध्यरेषा अशी काढा. पट्टी सपाट प्लेटवर कडेवर उभी करा, हाइट गेज (ठरावीक उंचीवर रेघ मारायचे साधन) अंदाजे मध्यावर लावून रेघ मारा. पट्टी उलटी करून दुसऱ्या कडेवर उभी करा आणि गेज न हलवता पुन्हा रेघ मारा. दोन रेघा आल्या तर खरा मध्य त्यांच्या मधोमध आहे. गेज त्याप्रमाणे हलवा, दोन्ही वेळची रेघ एकावर एक पडेपर्यंत. तीच उंची मागच्या तोंडावर घ्या. मग बाह्यरेषा कापून झाली की दोन्ही कडांवर, जाडीच्या मध्यापासून ०.७५ मिमी वर आणि तेवढ्याच खाली अशा दोन रेघा मारा. म्हणजे पाणी देण्याआधी धार १.५ मिमी जाड राहील. त्याहून पातळ नको, कारण पुढे भट्टीत वरचा थर कार्बन गमावतो आणि तो काढायला माल शिल्लक लागतो.

कण्यापासून धारेकडे जाणारे उतार चार आहेत. एकच उतार पुरा करून दुसऱ्याला हात घातला की पाते कच्चे असतानाच केळ्यासारखे होते, कारण रोलिंगमध्ये अडकलेला ताण एकाच बाजूने सुटतो. क्रम असा ठेवा: पुढची डावी, लगेच त्याच धारेची मागची बाजू, मग पुढची उजवी, मग तिची मागची. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा कानसफेरे, आणि पुढे. अँगल ग्राइंडरने फक्त ढोबळ माल काढा आणि रेघेच्या १ मिमी अलीकडे थांबा. शेवटचे सगळे कानशीने: १२ इंची बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ. शेवटच्या दोन्ही कानशी पात्याला आडव्या धरून दोन्ही हातांनी लांबीच्या दिशेने ओढा. दात भरू नयेत म्हणून कानशीला खडू चोळा. एक अडकलेला कण पात्यावर असा ओरखडा काढतो की तो घालवायला अर्धा तास जातो.

कोनाबद्दल. बुडाशी अर्धी रुंदी २३ मिमी आणि जाडी ७ मिमी धरली तर उतार सुमारे ७ अंशांचा येतो. पण पुढे रुंदी झपाट्याने कमी होते. जाडी तीच ठेवली तर उतार उभा होत जातो, आणि कोन तोच ठेवला तर कणा मध्येच पातळ होऊन हरवतो. म्हणून जाडीही उतरवायची: बुडाशी ७, टोकापासून १०० मिमीवर ५, जाड टोकाच्या अलीकडे साधारण ४.५ मिमी. कोन तिथे १४–१५ अंशांपर्यंत जातो. जाऊ द्या, सगळीकडे एकच कोन ठेवायचा हट्ट नको.

टोक वेगळे. शेवटच्या ४० मिमीला जाडी परत ६ मिमीपर्यंत चढते. तिथे अर्धी रुंदी ४.५ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे छेद जवळजवळ चौकटच्या पत्त्यासारखा होतो. जुन्या कट्यारींचे टोक असेच असते, कारण ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी आहे, कापण्यासाठी नाही. या भागाला धार नसते. जाडीचा हा चढ अर्धगोल कानशीने गोलाई ठेवून करा. तिथे काटकोनी खाच राहिली तर पाणी देताना चीर तिथूनच सुरू होते.

तेलपाणी

व्हर्नियर यांनी सांगितलेला क्रम पाळलात तर वाकण्याचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. एकधारी सुरी वाकते ती धार आणि पाठ वेगवेगळ्या वेगाने निवतात म्हणून. दुधारी पाते खरे तर दोन्ही बाजूंनी सारखे असल्यामुळे कमी वाकायला हवे. तरी वाकते, आणि त्याची कारणे बहुतेक वेळा तीनच असतात. एक धार १.५ आणि दुसरी १.१ मिमी राहिलेली असते, किंवा घासकामाचा ताण न काढता पाते थेट तापवलेले असते, किंवा ते तेलात तिरके उतरलेले असते. चारही उतार व्हर्नियर कॅलिपरने दर २० मिमीवर मोजा आणि ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तिथे पुन्हा कानस लावा. पाणी देण्याचे पहिले पाऊल हेच आहे.

एसयूपी९ साठी माझी शिफारस:

आधी नॉर्मलायझिंगच्या (तापवून हवेत निववण्याच्या) तीन फेऱ्या, ८७०, ८४० आणि ८१० अंश. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे मुरू द्या, मग बाहेर काढून तारेने उभे टांगा आणि वारा नसलेल्या जागी काळे पडेपर्यंत निवू द्या. फरशीवर किंवा ऐरणीवर आडवे ठेवले की खालची बाजू आधी निवते आणि वाक तिथेच बसतो. या फेऱ्यांनी दाणा बारीक होतो. त्यानंतर ६५० अंशाला एक तास ठेवून भट्टीत थंड करा. मग सरळपणा तपासा. वाक असेल तर आत्ताच सरळ करा, पाते अजून मऊ आहे.

पाणी ८४० अंशांवरून. ८–१० मिनिटे मुरवा, जास्त नको. चुंबक चिकटेनासे होणे हा तापमानाचा पुरावा धरू नका. ते ७७० च्या सुमारास घडते आणि तुम्हाला अजून ७० अंश वर जायचे आहे. कार्बन जळू नये म्हणून भट्टीत कोळशाचे दोन-तीन तुकडे ठेवा किंवा पाते स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळा. फॉइल असेल तर ते सोडवून तेलापर्यंत जायला दोन-तीन सेकंदांच्या वर जाऊ नयेत, आधी कोरडा सराव करा.

तेल निदान १० लिटर, ५० ते ६० अंशांना कोमट केलेले. थंड तेल घट्ट असते, पात्याभोवती वाफेचे वेष्टण धरून राहते आणि कडकपणा ठिकठिकाणी वेगळा येतो. क्वेंचिंग ऑइल मिळाले तर उत्तम, नाहीतर मोहरीचे किंवा सोयाबीनचे तेल या पोलादाला पुरते. जळके इंजिन ऑइल वापरू नका. त्यातली घाण आणि धूर दोन्ही वाईट, शिवाय त्याचा वेग दर वेळी वेगळा. डबा लोखंडी, ३५० मिमी तरी खोल, त्यावर लगेच टाकता येईल असे झाकण. आग लागली तर पाणी अजिबात ओतायचे नाही.

पाते टोक खाली करून सरळ ओळंब्यात उतरवा. हलवायचे ते फक्त वर-खाली. ढवळल्यासारखे आडवे फिरवले की एक तोंड आधी निवते. ८–१० सेकंदांनी बाहेर काढा. त्या वेळी ते २०० अंशांच्या आसपास असते आणि थोडा वेळ अजून नमते. वेल्डिंगचे हातमोजे घालून कण्यावरून नजर टाका, वाक दिसला तर हाताने हलकेच दाबून सरळ करा आणि ताबडतोब दोन जाड अ‍ॅल्युमिनियम प्लेटांमध्ये शिकंजात धरून थंड होऊ द्या. हातात धरवेल इतके निवले की तो खेळ संपला. त्यानंतर जोर लावला तर पाते मोडते.

कानस लावून बघा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ती थोडी चावेल, तो कार्बन गेलेला थर. त्याखाली ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे.

तासाभरात टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते पुन्हा हलके तापवणे, सुरू करा. रात्रभर तसेच ठेवलेले पाते सकाळी चिरलेले मिळू शकते. पहिली फेरी २०० अंश, दोन तास. नंतर २३० अंशांच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी दोन तास. कडकपणा ५६–५७ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास येतो आणि दुधारी, टोकदार पात्याला तो योग्य आहे. याहून मऊ करायच्या मोहाने २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात जाऊ नका. या जातीचे पोलाद तिथे मऊ होते खरे, पण ठिसूळही होते. घरातल्या ओटीजीचा काटा २०–३० अंशांनी वरखाली होतो, म्हणून ओव्हन वापरणार असाल तर पाते वाळूच्या ट्रेमध्ये पुरून ठेवा आणि वेगळा थर्मामीटर लावा.

पहिल्या फेरीनंतरही १ मिमीपर्यंत वाक दिसला तर तो दुसऱ्या फेरीत काढता येतो. जाड चॅनेलवर पात्याच्या दोन टोकांखाली नाण्याएवढे तुकडे ठेवा, मधे सी-क्लॅम्पने उलट दिशेला वाकाच्या दुप्पट-अडीचपट दाबा आणि तसेच २३० अंशात ठेवा. थंड झाल्यावर क्लॅम्प सोडा. क्लॅम्प घट्ट करायचा तो पाते गरम असताना, गार असताना नाही.

कानसवाला

दोघांचेही आभार. भट्टीच्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) भरवसा किती ठेवावा? तपासायला दुसरे काही नाही. आणि जिभेत रिबिटाची भोके असतील तर तो भागही कडक होणार. तो तेलाबाहेर ठेवायचा का?

तेलपाणी

थर्मोकपल मिठाने तपासा. साधे मीठ ८०१ अंशांना वितळते. लोखंडाच्या टाकाऊ तुकड्यावर चिमूटभर मीठ ठेवून, जिथे पाते असणार तिथेच, भट्टी ७९० वर पंधरा मिनिटे धरा. दाणे तसेच राहिले पाहिजेत. मग ८१५ वर न्या, ते पाण्यासारखे झाले पाहिजेत. तसे झाले नाही तर फरक किती ते दहा-दहा अंशांनी शोधा आणि कंट्रोलरमध्ये तेवढी दुरुस्ती धरा. मीठ पात्यावर ठेवायचे नाही, ते पोलाद खाते. ही चाचणी झाली की भट्टी पुसून घ्या.

जीभ तेलाबाहेर ठेवू नका. लालभडक भाग तेलाच्या अगदी वर राहिला की वाफ तिथेच पेटते. पूर्ण पाते बुडवा आणि टेंपरिंगच्या सगळ्या फेऱ्या झाल्यावर जीभ वेगळी मऊ करा. पाते ओल्या वाळूत खोचा, जीभ आणि तिच्याखालचे फक्त १० मिमी बाहेर ठेवा. जीभ घासून चकचकीत करा म्हणजे रंग दिसतील. टॉर्चची ज्योत जिभेच्या वरच्या टोकावर धरा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे पट्टे खाली सरकत येतात. निळा जाऊन राखाडी छटा आली तरी जिभेपुरते चालते. मात्र गवती पिवळा पट्टा वाळूपर्यंत आला की ज्योत काढून घ्यायची आणि वरून पाणी सोडायचे.

भोके पाणी देण्याआधीच पाडा. ५ मिमी रिबिटांना ५.२ चे ड्रिल, आणि दोन्ही बाजूंच्या कडा काउंटरसिंकने मारून गोल करा. भोकाच्या धारदार कडेतून चीर निघते. कडेपासून भोकाचा मध्य निदान १० मिमी आत हवा.

लाखबंद

मुठीबद्दल लिहितो, कारण कट्यार बिघडते ती बहुधा इथे. पात्यावर महिनाभर मेहनत घेतात आणि मूठ तासाभरात वेल्ड करून टाकतात.

वेल्ड करू नका. एसयूपी९ मध्ये अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन आहे. वेल्डच्या शेजारची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी क्षणात तापते, लगेच निवते आणि काचेसारखी ठिसूळ होते. पाते मोडते ते तिथूनच, वेल्डच्या बाजूने सरळ रेषेत. पितळेची ब्रेझिंगही पात्यावर नको, तिला ८८०–९०० अंश लागतात. म्हणजे मूठ स्वतःत जोडायची ती आगीत आणि पाते मुठीला जोडायचे ते गार.

माप आधी हातावरून घ्या. मूठ आवळून चार बोटांची रुंदी मोजा आणि त्यात ४–५ मिमी मिळवा. बहुतेक पुरुषांना आतली रुंदी ८५–९० मिमी पुरते. संग्रहालयातल्या कट्यारींची मूठ आजच्या हाताला तोकडी वाटते, त्यामुळे जुन्या नगाची नक्कल जशीच्या तशी करायची की हातात बसेल अशी करायची हे संग्राहकांना आत्ताच विचारा.

८५ मिमी धरून भाग असे:

बाजूपट्ट्या १२ बाय ४ मिमी, १९० मिमी लांब, दोन नग. मागची टोके ५–६ मिमी बाहेर वाकवा, नाहीतर मनगट वळताना ती टोचतात. आडव्या दांड्या १४ मिमी गोल सळईच्या. मध्यभागी १४ आणि दोन्ही टोकांकडे १० मिमीपर्यंत निमुळत्या. प्रत्येक टोकाला ६ मिमी व्यासाची, ६ मिमी लांब खुंटी. पट्टीची जाडी ४ असल्याने २ मिमी बाहेर राहते, ती ठोकून फुलवायची. दोन दांड्यांमधली मोकळी जागा १६ मिमी. ती २२–२५ झाली की बोटे पुरी मिटत नाहीत आणि पकड सैल होते.

पुढे, पाते धरायला, ३ मिमी पत्र्याच्या दोन प्लेटा, ६० मिमी लांब. मागे ९३ मिमी रुंद म्हणजे दोन्ही बाजूपट्ट्या झाकतील, पुढे पात्याशी ५० मिमी. दोन्ही प्लेटा एकत्र टाचून एकदमच कापा आणि कानसा. वेगवेगळ्या कापल्या तर कडा कधीच जुळत नाहीत. कमळपाकळीचा किंवा पायऱ्यांचा आकार द्यायचा असेल तर आत्ताच द्या. बाजूपट्ट्यांचा जो भाग या प्लेटांमध्ये शिरतो तो १२ चा ७ मिमी करा, म्हणजे जिभेच्या जाडीइतका.

जोडताना जिभेच्या मापाचा ७ मिमी जाडीचा नकली तुकडा प्लेटांमध्ये ठेवा. त्यावर खडू घट्ट घासून घ्या, म्हणजे डाक त्याला चिकटत नाही. खुंट्या ठोकून झाल्या की सगळे तारेने बांधा, फ्लक्स लावा आणि कॅडमियम नसलेल्या चांदीच्या डाकाने जोडा. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला घातक आहे, स्वस्त सळी घेताना हे विचारून घ्या. ज्योत डाकावर मारायची नाही. जाड भाग तापवा, डाक उष्णतेकडे आपोआप धावते. मूठ सपाट विटेवर ठेवा आणि लाली जाईपर्यंत हलवू नका. फ्लक्स गरम पाण्यात भिजवून पूर्ण काढा. सांध्यात राहिलेला फ्लक्स काही महिन्यांनी गंज होऊन बाहेर येतो.

रिबिट तीन, त्रिकोणात. सरळ रेषेत तीन मारले तर पाते त्यांच्याभोवती किंचित डुलते. माइल्ड स्टीलचे ५ मिमी रिबिट, दोन्ही प्लेटांची भोके बाहेरून काउंटरसिंक केलेली, दोन्हीकडे साधारण ४–५ मिमी बाहेर ठेवून गोल तोंडाच्या लहान हातोडीने ठोका. एका बाजूला चार ठोके, उलटून चार. जोराचा एक ठोका रिबिट मधे वाकवतो. वर ठोकलेले तोंड कानसून सपाट केले की रिबिट दिसत नाही.

ठोकण्याआधी जिभेच्या दोन्ही अंगांना प्लेटांमध्ये जी पोकळी राहते ती लाखेने भरा. लाख वितळवून त्यात वस्त्रगाळ विटेची भुकटी, साधारण दोन भाग लाखेला एक भाग. नुसती लाख ठिसूळ असते आणि आकसते. लाख ओली हवा आत जाऊ देत नाही, आणि कधी पाते काढायची वेळ आलीच तर गरम करून मऊ करता येते. इपॉक्सीचे तसे नाही.

सगळे मिळून वजन ६०० ते ७०० ग्रॅम होईल. तोल पुढच्या आडव्या दांडीपाशी किंवा तिच्या बोटभर पुढे आला तर बरोबर. त्याहून पुढे आला तर प्लेटा जड झाल्या आहेत, त्यांना आतून पोखरा.

व्हर्नियर

लाखबंद यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. ठोकलेल्या रिबिटांऐवजी मी घट्ट बसणाऱ्या टेपर पिना (किंचित निमुळत्या खिळ्या) सुचवीन, १:५० टेपर रीमरने भोक करून. रिबिट फुलताना जिभेच्या भोकावर बाहेरच्या दिशेने ताण देतो. जीभ नीट मऊ झाली नसेल तर चीर पडते.

लाखबंद

जीभ मऊ झाली नसेल तर ते काम पुढे न्यायचेच नाही. तेलपाणी यांनी सांगितल्याप्रमाणे रंग आला आणि कानस चावली की रिबिटाची भीती नाही. टेपर पीन चांगली, पण कोरड्या-ओल्या हवेत वर्षानुवर्षे टांगलेल्या वस्तूत ती सरकू शकते. शिवाय तिला तीन थरांतून एकत्र रीमर फिरवावा लागतो, म्हणजे पाते कडक झाल्यावर. घरच्या साधनांनी ते कठीण आहे.

मुहनाल

कोफ्तगिरीचा प्रश्न राहिला. ती पाते बसवायच्या आधी आणि डाकाच्या नंतर. कारण सरळ आहे. पोलादावर बारीक छिन्नीने किंवा धारदार सुरीने तीन दिशांनी आडव्या-तिरक्या रेघांची जाळी पाडतात, तिच्या दातांवर चांदीची तार हातोडीने बसवतात, मग वस्तू तापवून तार पुन्हा दाबतात आणि अकीकाच्या घोटणीने घोटतात. पोलादाला निळा-काळा रंग चढवायचा तोही तापवूनच. ही उष्णता पात्याचे टेंपर घालवेल इतकी असते.

तार शुद्ध चांदीची घ्या, दागिन्यांची मिश्रधातूची नको, ती कडक असते आणि दातांत नीट बसत नाही. जाडी ०.२ मिमीच्या आसपास. जाळी दाट हवी, बोट फिरवल्यावर मखमलीसारखी खरखर लागली पाहिजे. विरळ जाळीवर बसवलेली तार घोटताना अख्खी उचलून येते. हाताला सवय नसेल तर हे काम उदयपूरकडच्या कोफ्तगरांकडून करून घेणे चांगले. तिथे शिकलगार घराण्यांत ही कला आजही चालू आहे. मूठ पाते न लावता पाठवता येते, हा आणखी एक फायदा.

म्यान: दोन फाळ्यांचे, शिवणीच्या लाकडाचे. ते हलके, मऊ आणि पावसाळ्यात फार फुगत नाही. आत पाते फक्त तोंडाशी २०–२५ मिमी घट्ट धरले जावे, पुढे सगळीकडे अर्धा मिमी मोकळीक. पूर्ण लांबीत घट्ट केलेले म्यान पावसाळ्यात पाते सोडत नाही. आत चामड्याचे अस्तर लावू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्ले ओल धरतात आणि पात्यावर ठिपके पाडतात. सरसाने चिकटवल्यावर चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्या, मग वर मखमल, तोंडाला मुहनाल आणि खाली तहनाल ही धातूची वेष्टणे. जाड टोक तहनालीवर आदळू नये म्हणून तळाशी लाकडाचे ५ मिमी राखून ठेवा.

कायद्याचेही बघून ठेवा. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. तुमचे पाते २०० बाय ४६ मिमी, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या आत आहे. संग्राहकांनी मधेच 'जुन्यासारखे रुंद करा' म्हटले तर ते ५०.८ मिमीच्या पुढे जाईल, आणि अशी शस्त्रे घडवून विकायची तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याचा प्रश्न येतो. वाढवण्याआधी पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. पोचवायला नेतानाही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश त्या भागात लागू आहे का ते पाहा. तो असेल तर मापाने सुटका होत नाही.

कानसवाला

खूपच उपयोगी. शेवटचे एक: पॉलिशला बेंच ग्राइंडरवर कापडी चाक लावले तर चालेल का? संग्राहकांना आरशासारखी चमक हवी आहे.

तेलपाणी

नाही. दुधारी पाते कापडी चाकावर धरणे हा या धंद्यातला सर्वांत वाईट अपघात आहे. एकधारी सुरीला निदान पाठ असते. इथे वरची धार केव्हा चाकात अडकेल ते कळत नाही, आणि अडकली की पाते थेट पोटाकडे किंवा मांडीकडे येते.

कामाच्या दृष्टीनेही ते वाईट. कापडी चाक कणा गोल करते, आणि कणा बोथट झाला की ज्या रेषेसाठी एवढी आखणी केली तीच गेली. पाते लाकडी फळीवर क्लॅम्प करा. कागद नेहमी कडक ठोकळ्यावर: १२०, २२०, ४००, ६००, शेवटी १०००. एक क्रमांक तिरका मारा, पुढचा लांबीच्या दिशेने, म्हणजे मागचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसते. रॉकेलचे थेंब टाकत राहा. कण्यापाशी ठोकळ्याची कड अगदी काटकोनी ठेवा आणि कण्यावरून पलीकडे जाऊ देऊ नका. पलीकडच्या उताराला मास्किंग टेप लावा. १००० नंतर कडक चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशिंग पेस्ट घेऊन हातानेच घोटा. चमक येते आणि कण्याची रेघ तशीच उभी राहते.

धार सर्वांत शेवटी, म्यान तयार झाल्यावर. भिंतीवरच लावायची असेल तर ती ०.५ मिमी जाड, बोथट ठेवा. दिसण्यात फरक पडत नाही आणि पुसताना कोणाचा हात कापत नाही. पुसून झाल्यावर मशिन ऑइलचा पातळ हात द्या, पावसाळ्यात महिन्यातून एकदा.

व्हर्नियर

एक राहिले. ६०० क्रमांकाला पोचलात की ट्यूबलाइटच्या उजेडात पाते धरून तिचे प्रतिबिंब कण्यावरून सरकवत बघा. उतार सपाट असेल तर प्रकाशाची रेघ सरळ सरकते, खड्डा असेल तिथे ती वाकते. तो खड्डा कागदाने जात नाही. २२० वर परत जा आणि पूर्ण उतार पुन्हा घ्या.